वडाभोवती एकवीस फेरे

नवस बोलली काकी, तो फेडायचा होता माझ्या बायकोने, आणि मधल्या मधे झोप उडाली माझी.

काकी म्हणजे माझ्या बायकोची चुलती. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव आहे. सासू-सासरे केव्हाच गेले, त्यामुळे बायकोचं माहेर म्हणजे काकी आणि काकीचं कौलारू घर. या नवसफेडीच्या दीड वर्ष आधी बायकोच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो, मुलगा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळत होता, आणि काकी मात्र दवाखान्याकडे न येता डोंगर चढून जुन्या वडाकडे गेली. तिथे तिने वडाला सांगून टाकलं की पोर बरी झाली की पायी येईल आणि आपल्या हातानं तुला सुताचे सात फेरे घालील.

मला हे कळलं तेव्हा मी चिडलो. नारळ बोलायचा होता, साडीचोळी बोलायची होती. मी वाहनात घालून तिथवर नेऊन दिली असती. जिची छाती उघडून शिवली आहे तिला डोंगर चढायला लावणारा नवस बोलायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण काकीला हे कोण सांगणार? मी बायकोला सांगितलं. ती औषधांच्या गुंगीत होती, तरी हसली.

डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडताना स्पष्ट सांगितलं होतं की चालायचं, रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. त्यातलं 'हळूहळू' तेवढं मी उचललं आणि बाकीचं डॉक्टरांकडेच ठेवलं. आम्ही भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. मी तिला दर मजल्याला थांबवायचो. भाजीला गेलो तर पिशवी माझ्याकडे, कोथिंबिरीची जुडीसुद्धा माझ्याकडे. नाक्यावर रस्ता ओलांडताना मी ट्रॅफिक पोलिसासारखा हात आडवा धरून रिक्षा थांबवायचो आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खायचो. घरात कणीक मी मळायला लागलो. माझ्या पोळ्या कशा व्हायच्या ते सांगत नाही, पण मुलगा पूर्ण्याला गोदामात ड्युटीवर जाताना डबा नको म्हणायला लागला.

बायकोने वर्षभर हे सगळं सोसलं. मग एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मी जानेवारीत वडाला जाणार. थंडी आहे तोवरच. तुम्ही येणार असाल तर या."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"घरात काही झालं तर?"

मग मी डॉक्टरांकडे गेलो, ते तरी नको म्हणतील म्हणून. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "अवश्य जा. फोटो पाठवा." माझ्या घोड्याने तिथेच पेंड खाल्ली.

मग निदान तयारी तरी मी माझ्या पद्धतीने करायची ठरवली. मी जॉबर आहे. लूमच्या कारखान्यात विणकर कापड विणतो, आणि लूम बिघडला की तो नीट करतो तो जॉबर. या धंद्यात माणसाच्या आयुष्यात एकच वैरी असतो, तुटलेली तार. तार म्हणजे लूमवरचा एकेक धागा. शेकडो तारांतली एक तुटली की कापडात खोट येते, लूम थांबवावा लागतो, विणकर ओरडतो, शेठ दारात येऊन उभा राहतो. तीस वर्षांत माझ्या बोटांना अशी सवय लागली आहे की तुटलेलं टोक दिसलं की ती आधी गाठ मारतात आणि मग मला कळतं. लग्नाच्या मांडवात एकदा मी शेजारच्या बाईच्या शालीचा सुटलेला दोरा बांधून दिला होता. बायकोने त्यावर दोन दिवस अबोला धरला.

सूत निवडायचं काम अर्थातच माझं होतं. बायकोने एकदा म्हटलं की दुकानात पूजेचं सूत मिळतं, तेच घेऊ. मी म्हटलं, भिवंडीत राहून सूत विकत घ्यायचं? लोक काय म्हणतील? आणि पूजेचं सूत ते काय सूत असतं! नुसतं जरा ओढलं की संपलं. तू सात फेरे घालणार, मधेच तुटलं तर अपशकुन नाही का होणार? मी कारखान्यातून शेठला सांगून पॉलिस्टरचा एक अख्खा कोन, म्हणजे धाग्याचं शंकूसारखं मोठं रीळ, आणला, पांढरा, चमकदार, दोनदा पीळ दिलेला. आमचा एक जुना विणकर आहे, आझमगडचा, माझ्या बरोबरीचा; वडाला सूत बांधायचंय एवढं त्याच्या कानावर होतं. मी तो धागा दोन्ही हातांनी झटके देऊन तपासतोय हे पाहून त्याने लूम बंद केला आणि विचारलं, "उस्ताद, पेड़ को बाँधना है कि हाथी को?"

"मन्नत का है," मी म्हटलं. "टूटना नहीं चाहिए."

तो मान हलवून पुन्हा लूमकडे वळला.

निघायच्या दिवशी मी पाठीवरच्या पिशवीत काय काय भरलं होतं ते आता आठवलं तरी हसू येतं. पाण्याच्या चार बाटल्या, ग्लुकोज, रक्तदाब मोजायचं यंत्र, तिच्या सगळ्या रिपोर्टची फाइल, छत्री, घडीचं स्टूल आणि तो कोन. बायकोच्या हातात एक रुमाल. बस वज्रेश्वरीच्या बाजूला वळली आणि दोन्हीकडे गोदामांऐवजी शेतं दिसायला लागली, तशी ती खिडकीकडे सरकली. अकलोलीला उतरलो तर गरम पाण्याच्या कुंडांतून वाफा निघत होत्या आणि माणसं पाय सोडून बसली होती. माझ्या मनात लगेच आलं की आपणही इथेच बसावं.

"अगं, हे पाणी सांध्यांना चांगलं असतं. आपण दुपारपर्यंत इथे बसू, नारळ फोडू आणि..."

"आणि काकीला काय सांगू? वड अकलोलीला आला होता म्हणून?"

मी पिशवी उचलली.

काकी अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होती. सत्तरी उलटलेली बाई, अंगाने काटकुळी, पण आवाज असा की पलीकडच्या बांधावरचा बैल मान वर करून बघेल. तिने आधी बायकोला आपादमस्तक पाहिलं, तिचा हात हातात घेऊन दाबला आणि मग माझ्याकडे वळली.

"आलाव जावयबुवा? बसा, पानी घ्या. आनि मंग निंगा. उन्हं चडाच्या आदी पोचाया पायजे."

"काकी, तुम्ही येताय ना बरोबर?"

"मी येतंय मागनं. एवढं वाल आवरतंय. वाट तिला म्हायत हाय, तिथंच खेलली ना ती लहानपनी." मग तिने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "ह्या एवढा काय हाय? मुंबयला चाललाव काय?"

बायको हसत पुढे निघालीसुद्धा.

पायवाट आधी शेतांमधून जाते, मग एक ओढा लागतो, मग चढ. चढ फार नाही. गावातल्या पोरी डोक्यावर मोळी घेऊन तो उतरतात. पण मी तिच्या मागून चालत होतो आणि मला तो चढ दिसत नव्हता, तिची पाठ दिसत होती. दर वीस पावलांवर मी थांबायला लावायचो, स्टूल उघडायचो, पाणी पुढे करायचो. पहिले तीन-चार वेळा ती बसली. मग म्हणाली, "मी तुमच्यासाठी बसतेय, तुम्हाला कळतंय ना?" मी म्हटलं, बस गं मुकाट्यानं. ती बसली, पण बसल्या बसल्या तिने मला झाडं दाखवली. हा कुडा, हा ऐन, याला आम्ही असं म्हणायचो, याच्या खाली मी एकदा सापावर पाय ठेवला होता. मी तिच्याशी तीस वर्षं संसार केला आणि मला यातलं एकही झाड माहीत नव्हतं. मला दोन्ही बाजूंना नुसतं जंगल दिसत होतं.

ओढ्यावर मोठमोठे दगड टाकलेले होते. मी हात पुढे केला तर ती माझा हात न धरता दगडांवरून उड्या मारल्यासारखी पलीकडे गेली आणि मीच मधल्या दगडावर अडकलो. पिशवीचा तोल जात होता. तिने पलीकडून हात दिला. मी घेतला, पण तोंड फुगवून घेतला.

वरच्या पठारावर वनखात्याने आता उद्यान केलं आहे. कमान आहे, बाकडी आहेत, मुलांसाठी घसरगुंडी आहे. दारात खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. त्याने आमच्या चारही बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावल्या आणि वर टाकून येऊ नयेत म्हणून परत जाताना दाखवायला सांगितलं.

"आणखी काही प्लास्टिक आहे का पिशवीत?"

"अजिबात नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

वड पठाराच्या टोकाला आहे. मी झाडं पाहून भारावून जाणारा माणूस नाही, पण त्या झाडापुढे मी पिशवी खाली ठेवली आणि मान मागे टाकून वर बघितलं. मधला मूळ बुंधा आमच्या घराच्या स्वयंपाकघराएवढा असेल. त्याच्या भोवती पारंब्या जमिनीत उतरून स्वतःच झाडं झालेल्या, काही माझ्या कमरेपेक्षा जाड. खाली अंधारलेलं, गार, आणि वर कुठेतरी पाखरांचा गोंगाट. समोर खात्याचा फलक होता. त्यावर झाडाचं नाव, शास्त्रीय नाव, आणि 'अंदाजे वय' याच्या पुढे कोरी जागा. रंगवणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल, किंवा कुणालाच माहीत नसेल. बायको म्हणाली, "काकीची सासू नवरी म्हणून आली तेव्हाही एवढाच होता म्हणे." मला हा हिशेब फलकापेक्षा बरा वाटला.

आम्ही चपला काढल्या. तिने वडाला हात जोडले, आणि मग बुंध्याला गाल लावून उभी राहिली. पाठमोरी होती, म्हणून रडतेय की काय ते मला कळेना. मी रक्तदाबाचं यंत्र काढलं. तिने मागे न बघताच सांगितलं, "ठेवा ते आत."

ठेवलं.

मग फेरे सुरू झाले. पारंब्यांच्या बाहेरून एक पायवाट गोल जाते, लोकांच्या फेऱ्यांनीच पडलेली. एका फेरीला साठ-सत्तर पावलं पडतात. मी कोन एका काठीवर चढवून धरला म्हणजे धागा सहज सुटेल, आणि तिने टोक एका पारंबीला बांधून चालायला सुरुवात केली. धागा काय सुरेख सुटत होता! कुठे अडकणं नाही, कुठे लोळणं नाही. मी तिच्या मागून कोन धरून चालत होतो आणि पावलं मोजत होतो. एका फेरीची साठ, दोनाची एकशेवीस, तिचा श्वास कसा आहे, ओठ निळे तर नाहीत. सात फेरे झाले तेव्हा ती थोडी लाल झाली होती, एवढंच. तिने शेवटचं टोकही पारंबीला बांधलं, आणि वडाभोवती सात पांढऱ्या चमकत्या रेषा एकसारख्या ताणलेल्या होत्या. मी हाताने एक तार छेडून पाहिली, तर टण्ण वाजली. माझा जीव भांड्यात पडला. नवस फिटला, बायको उभी आहे, सूत शाबूत आहे. मी डॉक्टरांसाठी फोटो काढला.

इतक्यात काकी आली. डोक्यावर भाकऱ्यांचं फडकं, हातात एक चरवी. ती वडाजवळ आली, थांबली, डोळे बारीक करून बघितलं आणि एका तारेला बोटाने दाबलं. तार परत जागेवर आली.

"ह्या काय गुंडाललाव, जावयबुवा?"

"सूत आहे काकी," मी अभिमानाने म्हटलं. "कारखान्यातलं. एक नंबर. तुमचा वड पडेल, पण हे तुटायचं नाव घेणार नाही."

काकीने भाकऱ्या खाली ठेवल्या. मग कमरेवर हात ठेवून ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला आणि बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आवो, पन त्या तुटाया पायजे ना!"

माझ्यासाठी हे वाक्य म्हणजे लूम उलटा फिरायला पाहिजे असं कुणी म्हणावं तसं होतं.

काकी मग खालीच बसली आणि तिने मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं, पण 'जावयबुवा' न सोडता. "दुखन्याच्या नवसाचा सूत कच्चा पायजे. आपन ता बांदून जायाचा. मंग ता वाऱ्यानं तुटतंय, पावसानं कुजतंय, पाखरा खोप्याला नेतात. सूत तुटला का दुखना सुटला. आता तुमी काय केलाव? पोरीचा दुखना जल्माचा बांदून ठेवलाव झाडाला. आनि एखाद्या पाखराचा पाय अडकंल ता वेगला."

दारातल्या माणसाला मी 'अजिबात नाही' असं ठणकावून सांगितलं होतं, ते आठवून माझे कान तापले. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच; पिशवीतलं सगळ्यात मोठं प्लास्टिक मीच सात फेऱ्यांनी झाडाला बांधलं होतं. बायकोकडे पाहिलं, तर ती पदर तोंडाला लावून उभी होती. तिला हे माहीत होतं का? नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, लहानपणी ऐकलं असेल, पण तुमच्या कोनापुढे मला कुठे बोलायची सोय होती!

"कापून टाकतो," मी म्हटलं आणि खिशातली छोटी कात्री काढली. ती माझ्या खिशात कायम असते.

"लोखंड न्हाय लावाचा नवसाला," काकी म्हणाली. "उलट्या फेऱ्यांनी सोडाचा. ज्यानं बांदला त्यानंच."

"म्हणजे हिनं? पुन्हा सात?"

"आनि मंग कच्च्याचं सात. मी आनलंय. शहरातल्या मानसांचा काय भरवसा!" तिने कमरेच्या पिशवीतून कच्च्या सुताची मोसंबीएवढी गुंडी काढून दाखवली.

सात आणि सात आणि सात. इथवरचा चढ, त्यात हे. मी काकीला हात जोडून म्हटलं, "काकी, हिचं ऑपरेशन झालंय. मी सोडतो, मीच बांधतो. चूक माझी आहे, हिला का शिक्षा?"

काकीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने बायकोला विचारलं, "काय गो पोरी, जमंल?"

"जमेल की," बायको म्हणाली, आणि पारंबीला बांधलेलं शेवटचं टोक सोडायला गेलीसुद्धा.

उलटे फेरे सुरू झाले. ती धागा उचलत पुढे आणि मी तो कोनावर परत गुंडाळत मागे. धागा गुंडाळणं म्हणजे माझं काम, एकसारखा ताण लागतो, नाहीतर कोन ढिला पडतो. ती वेगाने चालायला लागली, कारण सोडणं बांधण्यापेक्षा सोपं असतं, आणि मला वाकून, हात फिरवून, पारंब्यांना चुकवत तिच्या मागून पळावं लागलं. तिसऱ्या उलट्या फेरीत माझं डोकं एका पारंबीवर आपटलं. चौथ्या फेरीत काकी आम्हाला बघून टाळ्या वाजवायला लागली. घसरगुंडीवर आलेल्या एका कुटुंबातल्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या आणि एकीने विचारलं की हा कसला विधी आहे. काकीने सांगितलं, "जावयाचा." पाचव्या फेरीत बायकोला हसू आवरेना, सहाव्यात मला. सातवी संपली तेव्हा कोन पुन्हा भरला होता आणि मी वडाच्या मुळीवर बसून धापा टाकत होतो. माझ्या छातीत लोहाराचा भाता चालला होता. ती माझ्या समोर उभी होती, केस विस्कटलेले, कपाळावर घामाचे थेंब, आणि तिचा श्वास माझ्यापेक्षा हळू चालला होता. मी दीड वर्ष तो श्वास ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानांवर माझा स्वतःचाच श्वास होता.

"पाणी प्या," ती म्हणाली आणि बाटली माझ्यापुढे धरली.

तिसऱ्या खेपेला कच्चं सूत. मला उठवत नव्हतं, तरी मी उठलो. कच्च्या सुताला ताण सोसत नाही. काकीने शिकवलं तसं ती ते हलक्या हाताने सोडत चालली, आणि मी मागून श्वास रोखून चाललो. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत, मूळ बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला, सूत तिच्या हाताजवळच तुटलं.

आवाज झाला नाही. दोन टोकं नुसती खाली लोंबली. पण माझ्या आतून कुणी काहीतरी ओढून काढल्यासारखं झालं, आणि पुढच्या क्षणी माझी बोटं तिथे पोचली होती. दोन टोकं एकमेकांवर, वळसा, ओढ. विणकराची गाठ. ती सुटत नाही, म्हणूनच तर ती मारायची असते.

"सोडा ती," बायको म्हणाली.

"अगं पण तुटलंय ते."

"तुटू द्या ना हो." ती माझा हात धरून उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता. "सुटलं ते. आता तुम्ही सोडा."

काकी पलीकडून आली होती. तिने ती गाठ पाहिली आणि या वेळी ती हसली नाही. "आताच तुटला?" तिने बायकोला विचारलं. "पावसाची वाट न्हाय बगली? वा गो पोरी!" आणि तिने बायकोचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं. तिथल्या रीतीप्रमाणे फेरे घालतानाच सूत तुटणं म्हणजे दुखणं उभ्या उभ्या निघून जाणं. एवढं चांगलं फार क्वचित कुणाला मिळतं, असं काकी म्हणाली.

मी गाठ सोडायला बसलो. तीस वर्षांत मी हजारो गाठी मारल्या, सोडलेली एकही आठवत नाही. नखाने सोडवेना, दाताने धरली तर सूत ओलं होऊन आणखी घट्ट बसलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसतही नव्हतं, आणि ते पाणी कशाचं होतं हे मी त्या वेळी कुणाला सांगू शकलो नसतो. आज सांगतो. मी घाबरलेलो होतो, दीड वर्ष सतत. ऑपरेशनच्या दिवशी जिन्यात बसलो होतो, तिथून मी उठलोच नव्हतो. त्या दोघी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. कुणी घाई केली नाही, कुणी मदतीला हात घातला नाही. शेवटी गाठ सैल झाली, टोकं वेगळी झाली आणि वाऱ्याने एक टोक उचलून पारंबीवर नेऊन टाकलं.

"झाला," काकी म्हणाली. "आता उरल्यालं फेरे न्हाय घातलं तरी चालंल."

"घालते की," बायको म्हणाली. "एवढ्या लांब आलेय तर. नुसती चालते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्हाला दम लागलाय."

मी बसलो. काकी माझ्या शेजारी टेकली. बायको रिकाम्या हातांनी, पदर खोचून, वडाभोवती निघाली. अर्धी फेरी ती दिसायची आणि मग मूळ बुंध्याच्या आणि पारंब्यांच्या मागे गेली की पार दिसेनाशी व्हायची. चौथ्या फेरीला ती मागे गेली तेव्हा मी अर्धवट उठलो. ती दुसऱ्या बाजूने आली आणि मी परत टेकलो. पाचव्या फेरीलाही माझी मान तिच्याबरोबर फिरत होती, पण उठलो नाही. ती गाणं गुणगुणत होती असं मला वाटलं, पण वर पाखरांचा इतका कालवा होता की खात्री देता येणार नाही.

सहाव्या फेरीला ती बुंध्यामागे गेली, आणि मी तिकडे बघायचं सोडून भाकऱ्यांचं फडकं सोडायला घेतलं.